देवगिरीची चढण: मधुमेह, तीव्र व्यायाम आणि हृदय

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे 15 किलोमीटरवर असलेल्या देवगिरी किल्ल्याच्या वाटेचे, शरीरक्रियेच्या दृष्टीने पाहिल्यास, दोन भाग पडतात. महाकोटाच्या दरवाजातून आत शिरल्यावर भारतमाता मंदिर आणि चांदमिनार यांच्या बाजूने जाणारी वाट बरीचशी सपाट असून तिच्यावरून माणसे गप्पा मारत सहज पुढे सरकतात. मात्र खंदक ओलांडून अंधारी पार केल्यावर आणि बारादरीकडे नेणाऱ्या पायऱ्या सुरू झाल्यावर त्याच माणसांचे बोलणे तुटक होते, वाक्य पुरे होण्याआधी श्वास घ्यावा लागतो आणि छातीतील ठोके कानांत ऐकू येऊ लागतात. पहिल्या भागातील श्रमाला वैद्यकशास्त्र मध्यम तीव्रतेचा व्यायाम म्हणते आणि दुसऱ्या भागातील श्रमाला तीव्र व्यायाम. मधुमेह असलेल्या व्यक्तीच्या हृदयावर, रक्तवाहिन्यांवर आणि रक्तातील कोलेस्टेरॉलवर या दुसऱ्या प्रकारच्या श्रमाचा कोणता परिणाम होतो, तो कशामुळे होतो आणि कोणता परिणाम अपेक्षा असूनही होत नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मधुमेह हा साखरेचा आजार म्हणून ओळखला जात असला, तरी तो जिवावर बेततो तो बहुतेक वेळा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मार्गाने. 102 दीर्घकालीन अभ्यासांतील सुमारे सात लाख व्यक्तींच्या नोंदी एकत्र करून 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, इतर जोखमीचे घटक हिशेबात धरल्यानंतरही, मधुमेहामुळे हृदयधमनीच्या विकाराचा धोका सुमारे दुप्पट होत असल्याचे आढळले. त्यामुळे मधुमेहींच्या तपासणीत साखरेबरोबर कोलेस्टेरॉलचा अहवालही येतो आणि त्याबरोबर एक लोकप्रिय समजही येतो, तो असा की नेमाने घाम गाळला की कोलेस्टेरॉल उतरते आणि गोळी सुटते. या समजात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे ठरवण्यासाठी आधी तीव्रता म्हणजे काय आणि कोलेस्टेरॉल म्हणजे काय, हे दोन्ही नीट समजून घ्यावे लागते.

तीव्रतेची मोजपट्टी

स्वस्थ बसलेले शरीर दर किलो वजनामागे दर मिनिटाला सुमारे 3.5 मिलिलिटर प्राणवायू वापरते, आणि या वापराला एक मेट असे एकक मानले जाते. ज्या हालचालीला याच्या तिप्पट ते सहापट प्राणवायू लागतो ती मध्यम आणि ज्या हालचालीला सहापटीहून अधिक लागतो ती तीव्र, अशी ढोबळ विभागणी आहे. सपाट रस्त्यावरची झपझप चाल पहिल्या गटात, तर धावणे, चढावर जोरात सायकल मारणे आणि न थांबता जिने चढणे ही दुसऱ्या गटात बसतात. मात्र सहा मेटचा श्रम रोज तालमीत जाणाऱ्या तरुणाला किरकोळ वाटतो आणि वर्षानुवर्षे खुर्चीवर बसून काम केलेल्या पन्नाशीच्या मधुमेहीला तोच अंगावर येतो, म्हणून तीव्रता व्यक्तीच्या स्वतःच्या क्षमतेच्या प्रमाणात मोजणे अधिक योग्य ठरते.

त्यासाठी नाडीचा आधार घेतला जातो. 220 मधून वय वजा केले असता कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. त्याच्या 64 ते 76 टक्क्यांपर्यंतचा व्यायाम मध्यम आणि 77 टक्क्यांपासून पुढचा तीव्र मानतात. पन्नाशीच्या व्यक्तीसाठी ही कमाल मर्यादा 170 धरली, तर मिनिटाला 109 ते 129 ठोके हा मध्यम व्यायामाचा आणि 131 पासून पुढचा तीव्र व्यायामाचा पट्टा होतो. मधुमेहात या मोजपट्टीवर पूर्ण विसंबता येत नाही, कारण हृदयाच्या ठोक्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या मज्जातंतूंना दीर्घकाळच्या साखरेने इजा झालेली असल्यास श्रम वाढूनही ठोके पुरेसे वाढत नाहीत, आणि रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातील गोळ्याही ठोके दाबून ठेवतात. अशा वेळी देवगिरीच्या पायऱ्यांवर आपोआप होणारी बोलण्याची चाचणी अधिक उपयोगी पडते: बोलता येते पण गाता येत नाही तो मध्यम व्यायाम आणि चार शब्दांपलीकडे बोलता येत नाही तो तीव्र.

सडपातळ दिसणारा मेद

महाराष्ट्रातील मधुमेहाचा विचार करताना पाश्चात्त्य पुस्तकांतील स्थूल रुग्णाचे चित्र बाजूला ठेवावे लागते, आणि ते का ठेवावे लागते याचा सर्वांत ठळक पुरावा पुण्यातच मिळाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचीच मोजमापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बॉडी मास इंडेक्स दोघांचाही 22.3, म्हणजे अगदी सारखा होता. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के भरले. पुण्याजवळच्या खेड्यांत याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात हा फरक जन्मापासूनच दिसला होता, कारण तेथील नवजात बाळे वजनाने कमी असूनही त्यांच्यात स्नायू कमी आणि मेद तुलनेने टिकून राहिलेला होता.

या शरीररचनेचे पडसाद रक्तातील मेदावर उमटतात. महाराष्ट्रासह तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील 2042 व्यक्तींच्या रक्ततपासणीवर आधारित, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ सर्वेक्षणाचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल कमी असणाऱ्यांचे प्रमाण 72.3 टक्के, ट्रायग्लिसराइड वाढलेल्यांचे 29.5 टक्के, तर वाईट समजले जाणारे एलडीएल वाढलेल्यांचे प्रमाण केवळ 11.8 टक्के आढळले. याच चार प्रदेशांत शारीरिक हालचालीची पाहणी केली असता निम्म्याहून अधिक, म्हणजे 54.4 टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले, आणि फावल्या वेळात व्यायाम वा खेळ करणारे दहा टक्क्यांहूनही कमी निघाले. कमी एचडीएल, जास्त ट्रायग्लिसराइड आणि वरवर ठीक दिसणारे एलडीएल हे त्रिकूट मधुमेहाचेही खास लक्षण असल्याने व्यायामाचा परिणाम पाहताना या तिन्ही आकड्यांकडे वेगवेगळे पाहावे लागते.

माल, टेम्पो आणि हमाल

मेद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे रक्तातून त्याची वाहतूक करण्यासाठी शरीराला वाहने लागतात. प्रथिने आणि मेद यांच्या या सूक्ष्म गोळ्यांना लायपोप्रोटीन म्हणतात. छत्रपती संभाजीनगरातील जाधववाडीच्या बाजार समितीत भल्या पहाटे माल घेऊन येणाऱ्या गाड्यांशी त्यांची तुलना करता येते. यकृतातून निघणारी व्हीएलडीएल नावाची मोठी गाडी प्रामुख्याने ट्रायग्लिसराइड हा माल, म्हणजे इंधन म्हणून वापरायचा मेद घेऊन निघते. वाटेत स्नायूंच्या आणि मेदपेशींच्या दाराशी माल उतरवत ती लहान होत जाते आणि शेवटी कोलेस्टेरॉल उरलेली एलडीएल ही छोटी गाडी बनते. स्नायूंच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर माल उतरवून घेणारा हमाल म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर, आणि उतींमधील जादा कोलेस्टेरॉल गोळा करून यकृताकडे परत नेणारी गाडी म्हणजे एचडीएल.

टाइप 2 मधुमेहात इन्शुलिनला शरीराची मिळणारी दाद कमी झालेली असते, त्यामुळे मेदपेशींतून मेदाम्ले सुटत राहतात, यकृत अधिकाधिक व्हीएलडीएल रस्त्यावर सोडते आणि हमालाचे काम मंदावते. कोंडीत अडकलेल्या या मोठ्या गाड्या एलडीएल आणि एचडीएल यांच्याशी मालाची अदलाबदल करतात; ट्रायग्लिसराइड देऊन कोलेस्टेरॉल घेतात. या व्यवहारात एलडीएलचे कण आकसून लहान आणि घट्ट होतात, तर एचडीएलचे कण लवकर मोडीत निघतात. अहवालातील एलडीएलचा आकडा गाड्यांमध्ये मिळून किती कोलेस्टेरॉल आहे एवढेच सांगतो, गाड्या किती आहेत हे सांगत नाही. तेवढाच माल छोट्या टेम्पोंत भरला तर टेम्पोंची संख्या वाढते, आणि धमनीच्या भिंतीत घुसून तेथे साचण्याची शक्यता या संख्येबरोबर वाढत जाते. प्रत्येक एलडीएल कणावर अपोबी नावाचे एकच प्रथिन असल्याने अपोबीची तपासणी गाड्यांची गणना करते. ती न केल्यास एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून मिळणारा आकडा मधुमेहींसाठी एकट्या एलडीएलपेक्षा अधिक बोलका ठरतो.

व्यायामाचा पहिला प्रहार या साखळीत स्नायूंवर होतो. आकुंचन पावणारा स्नायू साखर आत घेण्यासाठी इन्शुलिनची वाट पाहत नाही. ग्लूट-4 नावाची वाहक प्रथिने आकुंचनाच्या इशाऱ्यानेच पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि रक्तातील ग्लुकोज आत ओढतात, आणि मधुमेहातही हा मार्ग बऱ्याच अंशी शाबूत असतो. श्रमानंतरच्या काही तासांत स्नायूंतील लायपोप्रोटीन लायपेज वाढते, त्यामुळे त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर रक्तात येणारा मेद लवकर उचलला जातो. संध्याकाळी नान-खलियाचे जेवण होणार असेल, तर सकाळी चढलेली चढण त्या जेवणातील ट्रायग्लिसराइडचा काही भार हलका करते. मात्र हा हमाल रोजंदारीवरचा आहे. त्याची वाढलेली हजेरी एक-दोन दिवसांत ओसरते आणि इन्शुलिनला मिळणारी वाढीव दादही एक ते तीन दिवसांतच उतरते. सलग दोन दिवसांहून अधिक खंड पडू देऊ नये, हा मधुमेहींच्या व्यायामाचा नियम येथून आला आहे.

चढणीचे काम, उताराचे काम

कोलेस्टेरॉलच्या आकड्यांपुरते बोलायचे तर तीव्र व्यायामाचे यश अनेकांना वाटते त्याहून मर्यादित आहे. मधुमेहींवरील नियंत्रित चाचण्यांचे 2007 मधील एक एकत्रित विश्लेषण सांगते की दमसासाच्या व्यायामाने एलडीएल सुमारे पाच टक्के उतरते. सर्वसाधारण प्रौढांवरील 25 चाचण्यांच्या त्याच वर्षीच्या विश्लेषणात एचडीएलमध्ये झालेली सरासरी वाढ 2.53 मिलिग्रॅम होती, आणि ती दिसण्यासाठी आठवड्याला किमान 120 मिनिटांचा व्यायाम लागत होता. जपानी संशोधकांच्या या विश्लेषणात एचडीएलची वाढ तीव्रतेशी जोडलेली नसून एका बैठकीतील व्यायामाच्या कालावधीशी जोडलेली आढळली.

तीव्रता महत्त्वाची की एकूण परिमाण, या प्रश्नाला अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 मध्ये थेट हात घातला. वजन जास्त असलेल्या आणि रक्तातील मेद बिघडलेल्या स्त्री-पुरुषांचे त्यांनी गट पाडले. एका गटाने आठवड्याला सुमारे 32 किलोमीटर धावण्याइतका, दुसऱ्याने सुमारे 19 किलोमीटर धावण्याइतका आणि तिसऱ्याने सुमारे 19 किलोमीटर चालण्याइतका व्यायाम काही महिने केला, तर चौथा गट व्यायामाविना राहिला. व्यायामाने वजन फारसे घटू नये अशी काळजी घेतलेली असूनही लहान, घट्ट एलडीएल कणांचे प्रमाण घटले आणि कणांचा सरासरी आकार वाढला; एलडीएल कोलेस्टेरॉलचा एकूण आकडा मात्र जवळपास जागचा हलला नाही. सर्वाधिक लाभ सर्वाधिक व्यायाम करणाऱ्या गटाला झाला आणि कमी अंतर धावणारे व तेवढेच अंतर चालणारे यांच्यात मोठा फरक पडला नाही. टेम्पो कमी झाले, परंतु मालाची पावती तीच राहिली, असा याचा अर्थ होतो. नेहमीच्या अहवालाकडे पाहून व्यायामाने काहीच केले नाही असे म्हणणाऱ्याची फसगत येथेच होते.

डोंगराच्या वाटेचा एक वेगळा प्रयोग ऑस्ट्रियात झाला असून देवगिरी किंवा छत्रपती संभाजीनगरची गोगाबाबा टेकडी चढणाऱ्यांना तो विशेष जवळचा वाटावा. निरोगी पण बैठ्या जीवनशैलीच्या 45 व्यक्तींनी दोन महिने केवळ डोंगर चढण्याचा आणि दोन महिने केवळ उतरण्याचा व्यायाम केला; उरलेली दिशा त्यांनी रोपवेने पार केली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एलडीएल दोन्ही प्रकारांत उतरले, जेवणातील मेद रक्तातून हटवण्याची क्षमता चढण्याने वाढली, तर ग्लुकोज पचवण्याची क्षमता उतरण्याने सुधारली. चढताना स्नायू आकसत भार ओढतो, उतरताना तो ताणला जात भार सावरतो, आणि या दोन कामांचा शरीरातील परिणाम सारखा नसतो. हा प्रयोग मधुमेहींवर झालेला नसल्याने त्यावरून थेट निष्कर्ष काढता येत नसला, तरी उतार म्हणजे फुकटचा भाग नव्हे, एवढे त्यावरून नक्की होते.

कडक झालेले हृदय

तीव्र व्यायामाचे वेगळेपण कोलेस्टेरॉलपेक्षा हृदयाच्या बाबतीत अधिक उठून दिसते. मधुमेहात धमन्यांत अडथळे नसतानाही हृदयाची डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा कप्पा, कडक होत जाते. ती आकुंचन बरे पावते, पण दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत नीट सैल पडत नाही आणि पुरेसा भरत नाही. जिना चढताना मधुमेहीला समवयस्कांपेक्षा लवकर लागणारी धाप काही अंशी या कडकपणाची असते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांनी 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, सायकलवर तीव्र श्रमाचे छोटे टप्पे आणि मध्ये विसावा असा व्यायाम केला. त्यांच्या हृदयाच्या भिंतीचे वस्तुमान, जवनिकेत मावणारे रक्त आणि हृदय भरण्याचा वेग यांत सुधारणा झाली आणि यकृतातील मेद सापेक्षतः 39 टक्क्यांनी घटला. सरासरी साखर दाखवणाऱ्या एचबीए1सीमधील घट मात्र थोडीच होती. रुग्णांची संख्या लहान असल्याने ही चाचणी अंतिम शब्द ठरत नाही, पण तिने दाखवलेली दिशा लक्षात घेण्याजोगी आहे.

याच्या शेजारी नेदरलँड्समधील लायडन येथील 2013 चा अभ्यास ठेवावा लागतो. तेथे 12 मधुमेहींनी सहा महिने मध्यम तीव्रतेचा व्यायाम केला आणि शेवटी 12 दिवसांची पदभ्रमण मोहीम पार पाडली. त्यांच्या पोटातील, यकृतातील आणि हृदयाभोवतीच्या आवरणाजवळील मेद घटला, परंतु हृदयाच्या कार्यात मोजता येण्याजोगा बदल झाला नाही. मध्यम व्यायाम मेदाची कोठारे रिकामी करतो आणि हृदयाच्या स्नायूला नवे वळण लावायला अधिक जोराचा श्रम लागतो, असे हे दोन अभ्यास एकत्र वाचले असता सुचते. इतक्या लहान संख्येवरून याहून ठाम बोलणे योग्य नाही.

जोराच्या श्रमात रक्ताचा प्रवाह वेगाने वाहू लागला की धमन्यांच्या आतील अस्तराला घासणारा दाब वाढतो, त्याला प्रतिसाद म्हणून हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि धमनी सैल होऊन रुंदावते. मधुमेहात मंदावलेली ही क्षमता नियमित श्रमाने सुधारते, रक्तदाब काही अंकांनी उतरतो आणि विश्रांतीच्या वेळची नाडी संथ होते. या सगळ्याची बेरीज म्हणजे दमसास, अर्थात शरीर कमाल श्रमात वापरू शकेल एवढा प्राणवायू. टाइप 2 मधुमेह असलेल्या 1263 पुरुषांचा सुमारे 12 वर्षे मागोवा घेणाऱ्या आणि 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात कमी दमसास असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या तुलनेत 2.1 पट होता. निरीक्षणात्मक अभ्यासात आधीच आजारी असलेल्यांचा दमसास कमी असण्याची शक्यता राहते हे मान्य केले, तरी दमसासाचे महत्त्व अशा अभ्यासांनी पुनःपुन्हा दाखवले आहे, आणि तीव्र व्यायाम दमसास मध्यम व्यायामापेक्षा कमी वेळात वाढवतो.

गोळी आणि घाम

व्यायामाचे गुणगान करणाऱ्यांना ‘लुक अहेड’ या अमेरिकी चाचणीकडे पाठ फिरवता येत नाही. मधुमेह आणि जादा वजन असलेल्या 5145 व्यक्तींपैकी निम्म्यांना आहारनियंत्रण आणि आठवड्याला किमान 175 मिनिटे मध्यम व्यायाम असा कसून पाठपुरावा केलेला कार्यक्रम देण्यात आला. पहिल्या वर्षी त्यांचे वजन सरासरी 8.6 टक्क्यांनी उतरले, साखर, रक्तदाब आणि दमसास सुधारले, तरीही सुमारे साडेनऊ वर्षांनंतर हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक न दिसल्याने 2012 मध्ये हा कार्यक्रम थांबवण्यात आला. सुधारलेल्या सगळ्या आकड्यांत एलडीएल हा अपवाद होता: व्यायामाच्या गटात स्टॅटिन गोळ्यांचा वापर कमी राहिला आणि तुलनेच्या गटाचे एलडीएल उलट अधिक खाली आले. घाम गाळणाऱ्यांना गोळी कमी लागेल या भरवशाची ही किंमत असू शकते.

दुसऱ्या बाजूला, मधुमेह असलेल्या पण हृदयविकार न झालेल्या 2838 व्यक्तींवरील ‘कार्ड्स’ या 2004 मधील चाचणीत ॲटॉरव्हास्टॅटिनच्या रोजच्या 10 मिलिग्रॅमच्या गोळीने हृदय-रक्तवाहिन्यांच्या मोठ्या घटना 37 टक्क्यांनी घटवल्या. स्टॅटिन यकृताला रक्तातील एलडीएलच्या गाड्या अधिक संख्येने ओढून घ्यायला लावते आणि मात्रेप्रमाणे एलडीएल 30 ते 50 टक्के खाली आणते. पाच टक्क्यांचा व्यायाम तिची जागा घेऊ शकत नाही. गोळीही व्यायामाची जागा घेऊ शकत नाही, हे अमेरिकेतील सुमारे दहा हजार माजी सैनिकांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले: गोळी आणि दमसास यांचा लाभ परस्परांवर अवलंबून नव्हता, दोन्ही असणाऱ्यांचा मृत्युदर सर्वांत कमी होता, आणि गोळी न घेणारे उत्तम दमसासाचे लोक गोळी घेणाऱ्या कमकुवत दमसासाच्या लोकांपेक्षा सरस ठरले.

पायऱ्या चढण्यापूर्वी

मधुमेहात तीव्र व्यायामाचे धोके ठरावीक आहेत आणि म्हणूनच ते टाळता येतात. मज्जातंतूंना इजा झालेल्या मधुमेहीला हृदयाचा रक्तपुरवठा तुटत असतानाही छातीत दुखत नाही. अनपेक्षित धाप, मळमळ, दरदरून घाम किंवा एकाएकी आलेला थकवा हीच त्याची सूचना असते. त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्या, आजवर बैठे जीवन जगलेल्या आणि रक्तदाब, तंबाखू, मूत्रपिंडाचा विकार अशी जोड असलेल्या मधुमेहीने तीव्र व्यायामाला हात घालण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी; 1956 पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या घाटी रुग्णालयासारख्या ठिकाणी ईसीजी आणि गरज पडल्यास पट्ट्यावर चालवून केली जाणारी टीएमटी चाचणी यांचा निर्णय तज्ज्ञ घेतात. डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतील, तर जोराचा श्रम आणि श्वास रोखून उचललेले वजन यांमुळे डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून पडद्याची तपासणी आधी व्हायला हवी. तळपायाची संवेदना गेलेल्याने अनवाणी वा सैल चपलेने दगडी पायऱ्या चढणे म्हणजे जखमेला आमंत्रण असते, आणि परतल्यावर तळवे पाहणे हा त्याच्या व्यायामाचाच भाग होय.

साखरेचे वागणे तीव्रतेनुसार बदलते. दीर्घ, संथ व्यायामात साखर उतरत जाते; थोडा वेळ पण कमालीचा जोर लावला, तर ॲड्रेनालिन यकृतातील साखर रक्तात सोडते आणि श्रमानंतर यंत्रावरचा आकडा वाढलेला दिसतो. ही वाढ तात्पुरती असून तिला घाबरून इन्शुलिनची मात्रा वाढवल्यास काही तासांनी, प्रसंगी मध्यरात्री, साखर धोकादायक रीतीने घसरू शकते. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने व्यायामापूर्वी साखर तपासावी, ती 90 मिलिग्रॅमच्या खाली असल्यास आधी काही खावे, आणि तीन चमचे साखर वा ग्लुकोजची पूड खिशात बाळगावी. साखर 250 च्या वर आणि लघवीत कीटोन असल्यास त्या दिवशी व्यायाम टाळावा. मराठवाड्याच्या हवामानाची अडचण याहून वेगळी आहे: एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, मज्जातंतूंच्या इजेमुळे काही मधुमेहींना घाम नीट येत नाही आणि साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या नव्या औषधांनी शरीरातील पाणी लवकर घटते, म्हणून उन्हाळ्यात तीव्र व्यायाम सूर्योदयाच्या आसपासच आटोपणे शहाणपणाचे.

आठवड्याचा हिशेब

मार्गदर्शक तत्त्वे मधुमेहींना आठवड्याला 150 मिनिटे मध्यम किंवा 75 मिनिटे तीव्र व्यायाम आणि त्याबरोबर दोन-तीन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवतात. भारतीयांच्या शरीररचनेचा विचार करून 2012 मध्ये देशातील तज्ज्ञांनी मांडलेली शिफारस याहून कडक असून ती रोज एकूण 60 मिनिटांच्या हालचालीची आहे. स्नायू मुळातच कमी असलेल्या मराठी शरीराला ताकदीच्या व्यायामाची निकड अधिक, आणि त्यासाठी तालमीतले जोर व बैठका पुरेसे आहेत, मात्र ते श्वास न रोखता घातले जावेत.

नवख्याने पहिले सहा ते आठ आठवडे विद्यापीठ परिसरात, हिमायत बागेत किंवा घराजवळच्या मैदानावर केवळ झपझप चालावे. त्यानंतर त्याच चालीत एक मिनिट जोराचे आणि दोन-तीन मिनिटे संथ असे टप्पे घालावेत. गोगाबाबा टेकडीसारखी चढण हे टप्पे निसर्गतःच पाडून देते. वाळूज, शेंद्रा आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत व कार्यालयांत बसून पाळी करणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे हालचाल करावी, कारण सकाळचा व्यायाम दिवसभराच्या बैठकीची पूर्ण भरपाई करत नाही. तीन महिन्यांनी तपासणी करताना एलडीएलच्या आकड्याबरोबरच ट्रायग्लिसराइड, एचडीएल वजा केलेले कोलेस्टेरॉल, कमरेचा घेर आणि विश्रांतीची नाडी यांचीही नोंद घ्यावी, आणि कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज बंद करू नये.

देवगिरीचा डोंगर सुमारे 200 मीटर उंच आहे. तीन महिन्यांच्या नियमित व्यायामानंतर एलडीएलचा आकडा फारसा न हललेला मधुमेही बारादरीपर्यंत पूर्वीपेक्षा कमी वेळा थांबून पोहोचत असेल, तर त्याच्या हृदयाने आणि धमन्यांनी मिळवलेले बळ खरे आहे, जरी त्यासाठी प्रयोगशाळेच्या अहवालात स्वतंत्र रकाना नसला तरी.